त्याला सांगा

"त्याला सांगा, मागची काच वर घे म्हणावं. धूळ येतेय," गाडी चालवता चालवता थोरला म्हणाला.

मास्तर पुढच्या सीटवर बसले होते. त्यांच्या बरोबर पाठीमागे धाकटा, आणि त्याच्या शेजारी मांडीवर पिशवी घेऊन धाकटी सून. म्हणजे ज्याला सांगायचं तो हातभर अंतरावर होता आणि कानांनी ठणठणीत होता. तरी मास्तरांनी मान वळवली आणि सांगितलं, "काच वर घे रे."

"त्यांना सांगा, मला उकडतंय," धाकटा म्हणाला.

मास्तरांनी मान परत पुढे केली. "त्याला उकडतंय."

"ऐकलं मी," थोरला म्हणाला.

ऐकलंस ना? मग मला कशाला मध्ये घेतोस, गधड्या? मास्तर हे मनातल्या मनात म्हणाले. मोठ्याने म्हणायचं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. एका शाळेच्या कोटांवरून झालेल्या भांडणापासून दोन भाऊ एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते. सगळ्या कोटांच्या बाह्या आखूड निघाल्या, थोरला गिऱ्हाइकासमोर म्हणाला की शिलाई चुकली, धाकटा गिऱ्हाइकासमोर म्हणाला की मापंच चुकीची घेतली, आणि झालं. पोरं लहान होती तेव्हा कोटांच्या बाह्या शिवायची, आता मोठी झाली तर बाह्या सरसावायची. दुकान मात्र एकच राहिलं. खाली काउंटर, तिथे थोरला. वर मशीन, तिथे धाकटा. आणि मधल्या मजल्यावर कटिंगचं टेबल, तिथे मास्तर. निरोप खालून वर जायचा आणि वरून खाली यायचा, आणि प्रत्येक वेळी मास्तरांच्या टेबलावर थांबा घ्यायचा.

आधी ही चाकरी मास्तरांच्या बायकोची होती. ती दिवसभर जिना चढ-उतर करायची आणि मास्तर कापडावरची नजर न काढता म्हणायचे, "अगं, सांगून टाक ना, त्यात काय एवढं!" ती गेली आणि त्यात काय एवढं असतं ते मास्तरांना आठवड्याभरात कळलं. बिचारी गुडघे दुखतात म्हणून कुरकुरायची. गुडघे नव्हतेच दुखत तिचे.

"बाबा, चष्मा घेतलाय, कानाचं मशीन घेतलंय, गोळ्यांची पाकिटं घेतलीत," धाकटी मागून म्हणाली. "तपासणीच्या बाईंनी फोनवर बजावलं होतं, झोप नीट होऊ द्या, खाऊन या, आणि चष्मा विसरू नका."

"विसरू नका म्हणे!" थोरला म्हणाला. "विसरतात म्हणून तर नेतोय."

मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं.

खरं सांगायचं तर मास्तर विसरत नव्हते. सोंग होतं सगळं.

सुरुवात अगदी सरळ झाली. थोरल्याने एकदा निरोप दिला होता, "त्याला सांगा, जमत नसेल तर मशीन विक आणि घरी बस." मास्तर जिना चढून वर गेले, धाकट्याचा घामेजलेला चेहरा बघितला आणि काही न बोलता खाली आले. "सांगितलंत?" थोरल्याने विचारलं. "अरेच्चा," मास्तर म्हणाले, "विसरलो बघ." आणि थोरला चक्क गप्प बसला! रागावला नाही, पुन्हा पाठवलं नाही. त्या एका शब्दात केवढी सुटका होती! मग मास्तर सगळे वाकडे निरोप विसरायला लागले. पण नुसते निरोपच विसरतात असं दिसलं तर संशय येईल, म्हणून अधूनमधून चहा झाल्यावर पुन्हा चहा मागायला लागले. एकदा तर मापाची टेप फ्रिजमध्ये ठेवली. ते जरा अतीच झालं. त्या टेपनंच थोरल्याला डॉक्टरांकडे धाडलं, आणि डॉक्टरांनी स्मरणशक्तीच्या या तपासणीची चिठ्ठी दिली.

कापडावर खुणा करायचा खडू साखरेच्या डब्यात सापडला तो मागच्या आठवड्यात. तो आपण कधी ठेवला, हे मास्तरांनी बरंच आठवून पाहिलं होतं. ठेवला असणार. टेप ठेवली तसा ठेवला असणार.

तपासणी करणाऱ्या बाई थोरल्याच्याच वयाच्या होत्या. त्यांच्या जॅकेटची डावी बाही खांद्यात नीट बसली नव्हती, आणि मास्तरांची नजर सारखी तिकडे जात होती.

"तुम्हाला काय म्हणू?" बाईंनी विचारलं.

"सगळे मास्तरच म्हणतात."

"मग मास्तर, आज काय काय होणार ते आधी सांगते. सुई नाही, कुठल्या मशीनमध्ये घालायचं नाही, कपडे काढायचे नाहीत. आधी गप्पा, मग प्रश्न, चित्रं, ठोकळे, कागद-पेन्सिल. काही अगदी पोरखेळ वाटेल. काही इतकं अवघड असेल की मलाही जमणार नाही, ते तसंच बनवलेलं असतं, त्याने खट्टू व्हायचं नाही. इथे पास-नापास नाही. दमलात तर सांगा, मध्ये सुट्टी घेऊ. दुपार होईल."

"एवढं काय विचारणार?"

"लक्ष किती लागतं, आठवतं किती, शब्द सुचतात का, हात आणि डोळा एकमेकांचं ऐकतात का. एकच गोष्ट बिघडली की बाकीच्या बऱ्या आहेत का, तेही बघावं लागतं." मग त्या दोघा मुलांकडे वळल्या. "तुम्ही शेजारच्या खोलीत बसा. वडिलांबद्दलचे हे प्रश्न आहेत. घरी काय बदललं, केव्हापासून बदललं. दोघांनी मिळून भरायचे."

"मिळून?" थोरला म्हणाला.

"एकेकटा माणूस अर्धंच बघतो. दोघांनी बोलून एक उत्तर द्या."

धाकट्याने मास्तरांकडे बघितलं. थोरल्यानेही मास्तरांकडेच बघितलं. सवय ती सवय! पण मास्तरांना आतल्या खोलीत जायचं होतं. मग दोघांनी एकदमच धाकटीकडे बघितलं.

"मी पाणी आणते," धाकटी म्हणाली आणि पिशवी उचलून सटकली.

मास्तरांना इतकं हसू आलं की चष्मा पुसायचं निमित्त करावं लागलं.

आतल्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, आणि भिंतीवर काहीही नाही. बाई एकेक शब्द वाचायच्या आणि मग म्हणायच्या, आता आठवतील तेवढे सांगा. मास्तरांनी तीन सांगितले आणि बाकीचे गिळले. बाईंनी आकडे सांगितले, उलटे म्हणायला लावले. मास्तरांनी मधले दोन बदलले. सोपं होतं की हे! उगाच रात्रभर कूस बदलत पडलो, त्यांना वाटलं.

मग बाईंनी चित्रं दाखवली, एकामागून एक, भराभर. किटली, शिडी, बदक, असलं काहीबाही. नंतर दोन दोन चित्रं समोर ठेवली. "यातलं मघाशी कुठलं दाखवलं होतं?" मास्तर प्रत्येक वेळी कपाळाला आठ्या घालायचे, थोडा वेळ घ्यायचे आणि चुकीच्या चित्रावर बोट ठेवायचे. किटली दाखवली होती, म्हणून यांचं बोट झाडूवर. बाई मान खाली घालून लिहीत होत्या. चेहऱ्यावर काही नाही.

"बाई," मास्तरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "समजा हे सगळं चुकलं. मग पुढे काय?"

"मग त्याप्रमाणे घरच्यांना सांगावं लागतं. एकट्याने काय करू द्यायचं, काय नाही. गाडी, गॅस, सह्या. धारदार वस्तू." त्यांनी मान वर केली. "तुम्ही कटिंग करता ना अजून?"

"हो."

"कात्री मोठी असते?"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. कात्री त्यांच्या वडिलांची होती. त्यांच्या वडिलांनी ती कुणाला हातात घेऊ दिली नव्हती आणि मास्तरांनीही दिली नव्हती. अंगठ्याच्या कडीला आता त्यांच्या अंगठ्याचा आकार आला होता. निरोप सोडायचे होते, बाबांनो! कात्री कुठे सोडायची होती? हे तर चांगलंच अंगाशी आलं.

"जरा सुट्टी घेऊ का?" बाई म्हणाल्या. "तुम्हाला घाम आलाय."

बाहेरच्या बाकावर धाकटी बसली होती. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला. शेजारच्या बंद दारामागून थोरल्याचा आवाज येत होता, मग धाकट्याचा, मग काही नाही.

"बोलतायत?" मास्तरांनी विचारलं.

"पाणी द्यायला आत गेले तेव्हा कुणीच बोलत नव्हतं. मग भाऊजी भिंतीकडे बघून म्हणाले, 'सारखं तेच विचारतात, हो लिहा.' हे खिडकीकडे बघून म्हणाले, 'कधीतरी, असं लिहा.' आता 'सारखं'वरून चाललंय." ती हसली आणि मग हसायची थांबली. "बाबा, मला माहितेय."

"काय?"

"टेप फ्रिजमध्ये ठेवलीत तेव्हा मी ओट्यापाशीच होते. तुम्ही आधी इकडे तिकडे बघितलंत, मग ती कोथिंबिरीखाली सारलीत. विसरणारा माणूस इकडे तिकडे बघत नाही."

मास्तरांनी ग्लास खाली ठेवला. कान गरम झाले. "मग बोलली का नाहीस?"

"का बोलू? तुम्ही विसरायला लागल्यापासून वरती चार शिव्या कमी येत होत्या. हे रात्री नीट जेवायला लागले होते. मला बरंच होतं ते. पण भाऊजींनी इथवर आणलं तेव्हा मात्र घाबरले. आता सांगून टाका, बाबा."

"आणि खडू?" मास्तरांनी विचारलं.

"कुठला खडू?"

"साखरेच्या डब्यातला. तेव्हा होतीस का तिथे?"

"नव्हते. पण तोही तुम्हीच ठेवलात ना? तसाच?"

"हो, हो," मास्तर म्हणाले. "मीच ठेवला."

आत गेल्यावर बाईंनी दार लावून घेतलं आणि पेन बाजूला ठेवलं.

"मास्तर, ती चित्रांची जोडी दाखवली होती ना, ती फार सोपी असते. ज्यांना खरंच खूप विसरायला होतं, त्यांचीही बरीचशी उत्तरं बरोबर येतात. आणि डोळे मिटून बोट ठेवलं तरी निम्मी बरोबर येतील. तुमचं एकही बरोबर नाही."

"म्हणजे माझं फारच..."

"म्हणजे सगळी चुकवायला सगळी आठवावी लागतात."

मास्तरांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं, कापडाची कड बघावी तसं, आणि सगळं सांगून टाकलं. काउंटर, जिना, मशीन, आखूड बाह्या, बायकोचे गुडघे, टेप, कोथिंबीर. सांगता सांगता आवाज चढला. "एक शब्द बोलत नाहीत हो एकमेकांशी! घरात मी माणूस आहे की टपालपेटी? मेलो तर माझ्या तिरडीवरून निरोप देतील, त्याला सांगा डावीकडून उचल म्हणावं!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी रुमालांचा डबा पुढे सरकवला. मास्तरांना तो लागला.

"रागावला नाहीत?" डोळे पुसून त्यांनी विचारलं.

"रागवायचं काय त्यात? पण सकाळचं मला धरता येणार नाही, ते पुन्हा कधीतरी करू. आता उरलेलं खरं करायचं. जेवढं येईल तेवढं, मनापासून. कराल?"

"आता बघाच!" मास्तर म्हणाले. छाती हलकी झाली होती. कात्री वाचली, त्यांना वाटलं. त्यांनी बाह्या वर सारल्या.

बाईंनी एक छोटी गोष्ट वाचून दाखवली. मग लाल-पांढरे ठोकळे काढले आणि चित्रातल्यासारखी नक्षी लावायला सांगितली. मास्तरांनी ती पटापट लावली. तुकड्याला तुकडा जोडायचा, आयुष्यभर दुसरं केलं काय! एक किचकट आकृती बघून काढायची होती, तीही जमली. विखुरलेले आकडे आणि अक्षरं पाळीपाळीने जोडायची होती, त्यात एकदा अडखळले पण निभावलं. मास्तर खुशीत होते. शाळेत असते तर पहिल्या बाकावर बसवलं असतं, असं काहीतरी ते बाईंना म्हणालेही.

"छान," बाई म्हणाल्या. "आता ती गोष्ट मला सांगा."

"कुठली गोष्ट?"

"मघाशी वाचून दाखवली ती. आठवेल तेवढी सांगा. नावं, गावं, काहीही चालेल."

मास्तर हसले. "हां, हीसुद्धा तुमची युक्ती. तुम्ही गोष्ट वाचलीच नाहीत."

"ठोकळ्यांच्या आधी वाचली," बाई म्हणाल्या.

"ठोकळ्यांच्या आधी का? ठोकळ्यांच्या आधी आपण बोलत होतो. माझ्या पोरांबद्दल."

"त्यानंतर वाचली, मास्तर."

"नाही हो."

"एका बाईची छत्री बसमध्ये राहते. तिच्या हातात दुसऱ्याचीच छत्री येते. तुम्ही हसलातही, त्या ड्रायव्हरच्या बोलण्यावर."

मास्तर बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. आता हसतील, आता म्हणतील, फसवलं की नाही! बाई हसल्या नाहीत. छत्री. बस. ड्रायव्हर. मास्तरांनी डोळे मिटले आणि शोधलं. ठोकळे होते, बोटांना त्यांच्या कडा आठवत होत्या. त्याच्या मागे पोरांची गाऱ्हाणी होती. आणि दोन्हींच्या मध्ये काहीच नव्हतं. विसरल्यासारखंही वाटत नव्हतं. तिथे कधी काही नव्हतंच, असं वाटत होतं.

"मी आता सोंग करत नाहीये," ते म्हणाले.

"मला माहितेय."

"खडू," मास्तर हळूच म्हणाले. "खडू मी मुद्दाम नव्हता ठेवला." मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाईंनी घाई केली नाही.

दुपारी बाईंनी सगळ्यांना आत बोलावलं. खुर्च्या कमी होत्या, म्हणून धाकटा उभाच राहिला.

"आज मी काही नाव देणार नाही," बाई म्हणाल्या. "सगळं तपासून, डॉक्टरांनी केलेल्या बाकीच्या तपासण्यांशी ताडून अहवाल द्यायला काही आठवडे लागतील. मग पुन्हा भेटू आणि एकेक गोष्ट समजावून सांगेन. काय शाबूत आहे तेही सांगेन, आणि ते बरंच आहे. काय कमी होतंय तेही सांगेन. तोवर गॅस, कात्री हे कसं सांभाळायचं ते घरी मिळून ठरवा. पण आधी मास्तरांना तुम्हाला काही सांगायचंय."

मास्तरांनी सांगितलं. निरोपांचं, चहाचं, टेपचं.

थोरला ताडकन उठला. "म्हणजे नाटक? मी गेले सहा महिने झोपलो नाहीये! तुमच्यामागे दुकानाचं काय करायचं, तुम्हाला कुणी बघायचं, या विचारानं माझं डोकं पिकलं, आणि तुम्ही फ्रिजमध्ये टेप..." त्याचा आवाज फाटला. रागावलाय की त्याचा जीव भांड्यात पडलाय, हे त्याचं त्यालाच कळत नसावं.

धाकटा मात्र फसकन हसला. "मी म्हणत होतोच, बाबांना काही झालेलं नाही!"

"बस खाली," मास्तर थोरल्याला म्हणाले. "माझं संपलं नाही. अर्धं सोंग होतं. अर्धं नव्हतं. आणि कुठलं सोंग होतं आणि कुठलं नव्हतं, ते आता माझं मलाही नक्की सांगता येत नाही."

धाकट्याचं हसू तोंडावरच राहिलं. धाकटीने साडीचा पदर घट्ट धरला. तिला फक्त सोंग माहीत होतं.

"त्याला सांगा," थोरला म्हणाला, नजर जमिनीवर, "कात्री मात्र बाबांचीच राहील म्हणावं. टेबलावरून त्यांना कुणी उठवायचं नाही."

मास्तरांना आश्चर्य वाटलं. तपासणीचा हट्ट यानेच धरला होता. टेबल रिकामं करायला बघतोय, असं ते धरून चालले होते.

"त्यांना सांगा," धाकटा म्हणाला, "बोट कापलं तर कोण धावणार? खालून वर यायला यांना वेळ असतो का?"

दोघं मास्तरांकडे बघत थांबले. मास्तरांनी मान वळवली नाही, या बाजूला नाही आणि त्या बाजूलाही नाही.

"मला नका सांगू," ते म्हणाले. "मी विसरेन."

हेच वाक्य घरात शंभरदा बोलून झालं होतं. पण आज ते कुणालाच सोपं गेलं नाही. बाहेर कुणीतरी खुर्ची ओढली. थोरल्याने तोंडावरून हात फिरवला. धाकटा भिंतीला टेकला, पुन्हा सरळ झाला, आणि त्याच्या तोंडून तो शब्द कसाबसा निघाला.

"दादा."

थोरल्याने मान वर केली.

"दादा, ते कापत असतील तेव्हा कुणीतरी मधल्या मजल्यावर बसायला हवं."

"मग तू बस. तुझं मशीन खाली आण."

"मशीन एकट्याने येतं का खाली? धरायला कोण, तू?"

"मी धरीन. कमरेत दुखतं माझ्या, पण धरीन. तुझ्यासारखा जिन्यात आपटणार नाही."

"मी कधी आपटलं?"

"कपाट! तुझ्या लग्नाच्या वेळी! विचार हिला!"

बाई घड्याळाकडे न बघता शांत बसून राहिल्या.

परत जाताना धाकटा पुढे बसला. कुणी ठरवलं नव्हतं. जिन्याची रुंदी किती आणि मशीन आडवं येईल की उभं, यावरून त्यांचं पार्किंगपासून जुंपलेलं होतं, आणि त्या भरात तो थोरल्याच्या शेजारी जाऊन बसला. मास्तर मागे, सुनेच्या बाजूला बसले. पुढून शब्दांवर शब्द येत होते. काच वर घे, नाही घेत, धूळ येतेय, येऊ दे, कोटाच्या बाह्या तुझ्यामुळेच आखूड झाल्या, माझ्यामुळे नाही, तुझ्या मापामुळे. आवाज असा की बाजूच्या गाडीतली माणसं वळून बघत होती.

मास्तर पुढे झुकून ऐकत होते. एकही शब्द सुटू नये म्हणून त्यांनी कानाचं मशीन थोडं मोठं केलं. बायको असती तर म्हणाली असती, भांडतायत मेले, जरा थांबवा. तिला काय माहीत! आणि मग त्यांना ठोकळ्यांच्या मागची ती रिकामी जागा आठवली.

त्यांनी सुनेच्या मनगटावर हात ठेवला.

"ऐक," ते हळूच म्हणाले. "उद्या मी विसरलो, तर मला सांग. हे दोघं बोलले म्हणून."

"सांगेन, बाबा," धाकटी म्हणाली.

"परवाही विचारलं तर परवाही सांग."